नवी मुंबईहून कर्नाळा: रानाला त्रास न देता वाटाड्यासोबत एक दिवस

पनवेल सोडून गोव्याच्या महामार्गाला लागलं की शिरढोणच्या आसपास डोंगरमाथ्यावर उभा केलेला अंगठा दिसायला लागतो. तोच कर्नाळ्याचा सुळका. त्याच्या पायथ्याचं रान १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. आज त्याचं क्षेत्र साधारण १२ चौरस किलोमीटर आहे आणि तिथे पक्ष्यांच्या दोनशेहून जास्त जातींची नोंद आहे. वाशी, नेरुळ, खारघरच्या माणसाने पहाटे लोकल धरावी, पनवेलहून एसटीने जावं, डोंगर आणि रान दोन्ही बघून दिवेलागणीच्या आत घरी यावं, इतकं ते जवळ आहे.

ही जवळीकच त्या रानाला महाग पडते. एवढ्याशा जंगलात चाळीस जणांचा एक घोळका शिरला तर लपायला जागा उरत नाही. सहल पर्यावरणस्नेही झाली की नाही, हे कापडी पिशवी आणि स्टीलच्या बाटलीवर ठरत नाही. त्याची खूण साधी आहे. तुम्ही पोचण्याआधी पक्षी जे करत होता, फळ खात होता, पिलाला भरवत होता किंवा पंख साफ करत बसला होता, ते तुम्ही तिथून निघेपर्यंत चालू राहिलं का? पुढचं सगळं नियोजन याच एका कसोटीवर घासून घ्यायचं आहे.

कधी जावं

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ निवडावा. हिवाळी पाहुणे आलेले असतात, वाट कोरडी असते आणि झाडोरा विरळ होऊ लागल्याने पक्षी नजरेत येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर आणि पांगारा फुलतात, तेव्हा एका झाडाखाली बसूनच निम्मी यादी पुरी होते. एप्रिल-मे किल्ल्यासाठी टाळावा. उकाडा हे एक कारण, आणि आटलेल्या पाणवठ्यांवर रानालाच निवांतपणा हवा असतो हे दुसरं.

पावसाळा हा खरा जाणकारांचा हंगाम. नवरंग आणि तिबोटी खंड्या याच दिवसांत कोकणातल्या रानात घरटी करतात. म्हणूनच तेव्हा सगळ्यात जास्त नुकसानही होतं. पावसाळ्यात जायचं तर किल्ला विसरा, गट सहाच्या आत ठेवा आणि घरटं शोधायला म्हणून जाऊ नका.

वार निवडताना रविवार सोडा. आठवड्यातला मधला दिवस जमत नसेल तर शनिवारी पहाटे निघून दुपारी बाराच्या आत रानातून बाहेर पडा.

वाटाड्या ठरवताना

इथे घाई करू नका, कारण दिवसाचा कस वाटाड्यावर ठरतो. पनवेल तालुक्यातल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरच्या माणसांना हे डोंगर पाठ आहेत. कुठलं उंबर कधी पिकतं, कुठल्या ओहोळात शेवटपर्यंत पाणी टिकतं, हे त्यांना विचारावं. पक्ष्यांची नावं, जाती आणि स्थलांतर समजावणारा निसर्ग अभ्यासक शहरातून सोबत आला तरी गावातला एक माणूस हवाच. चौकशी अभयारण्याच्या प्रवेशद्वारावरच्या वन कर्मचाऱ्यांकडे करावी, आणि ती आठवडाभर आधी.

ठरवण्यापूर्वी फोनवर चार गोष्टी विचारून घ्या. एका वेळी किती लोक नेता? पक्षी दिसावा म्हणून मोबाईलवर त्याचा आवाज वाजवता का? घरट्यापाशी थांबता का? कुणाला लागलं, कुणाला चक्कर आली तर काय करता? दुसऱ्या प्रश्नावर उत्साहाने ‘हो, स्पीकर आहे ना’ असं उत्तर आलं तर दुसरा वाटाड्या बघा. वाजवलेला आवाज ऐकून नराला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणं सोडून भांडायला येतो, आणि विणीच्या दिवसांत तेवढा वेळ अंडी किंवा पिलं उघडी पडतात. फोटो मिळतो, पण पक्ष्याचं काम थांबतं.

एका वाटाड्यामागे आठ, फार तर दहा माणसं. यामागे साधा हिशोब आहे. अरुंद पायवाटेवर दहा माणसं एकामागे एक चालली की पंधरा-वीस मीटरची रांग होते. पुढचा माणूस हळू आवाजात बोलला तर शेवटच्याला ऐकू जात नाही, मग पुढचा आवाज चढवतो आणि मागचे आपसात गप्पा सुरू करतात. माणसं जास्त असतील तर दोन वाटाडे घ्या आणि गट वेगवेगळ्या वाटांनी सोडा.

मानधन आधी ठरवा, दिवस संपल्यावर पूर्ण रक्कम त्याच्याच हातात द्या आणि जेवणखाण आपल्याकडे ठेवा. शेतावरच्या रोजंदारीशी त्याची तुलना करू नका. त्याच्या नजरेत वीस-तीस वर्षांचं रान साठलेलं असतं. ‘ए गाइड’ म्हणून हाक मारण्यापेक्षा दादा म्हणा, वयस्कर असतील तर मामा म्हणा. तुमच्याच गटातल्या कुणाला दटावायची वेळ त्याच्यावर येणार आहे, तेव्हा तो मान आधीपासून दिलेला बरा.

आदल्या संध्याकाळी

पाणी: नुसत्या निसर्गवाटेसाठी माणशी दीड लिटर, किल्ला करायचा असेल तर तीन लिटर. किल्ल्यावर सुळक्याच्या पोटात पाण्याची टाकी कोरलेली आहेत, पण त्यांच्या भरवशावर जाऊ नका. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं तर द्रावण जास्त खारट होतं आणि उपयोगाऐवजी मळमळ होते.

खाणं: पोळी-भाजी, भाकरी-ठेचा, उकडलेली रताळी, शेंगदाण्याचे लाडू, असं स्टीलच्या डब्यात किंवा कापडात बांधून. वेफर्सची पाकिटं घरीच सोडा. प्रवेशद्वारावर पिशव्या तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या आणि पाकिटं मोजतात आणि त्यांच्यापोटी अनामत रक्कम ठेवून घेतात. परतताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की पैसे परत. दहा जणांची ही मोजदाद पहाटेची सोन्यासारखी वीस मिनिटं खाते. प्लास्टिक नसलेला गट सरळ आत जातो.

कपडे पूर्ण बाह्यांचे, मातकट किंवा हिरवट. पांढरा आणि भडक पिवळा नको. अत्तर, डिओ, सुगंधी तेल अजिबात लावू नका. याचं कारण किल्ल्याच्या भागात येईल. बूट खाचदार तळव्याचे. गुळगुळीत तळव्याचे जॉगिंगचे बूट उतरणीवर दगा देतात.

दुर्बीण ८×४२ असावी. यातल्या आठने पक्षी आठपट जवळ येतो आणि ४२ मिलीमीटरचं भिंग गर्द सावलीतही पुरेसा उजेड देतं. दहापट मोठी दाखवणारी दुर्बीण नवख्याच्या हातात थरथरते. दोघांत एक दुर्बीण चालते. चौघांत एक असली की ‘मला दे, मला दे’ सुरू होतं आणि पक्षी उडतो.

शिवाय प्रत्येकी एक कचऱ्याची पिशवी, गटात मिळून एक प्रथमोपचार पेटी, रुंद चिकटपट्टीचं एक रीळ आणि चौघांमागे एक जुनी सुती चादर. चादर आणि चिकटपट्टी वाचून नवल वाटेल, पण पुढे दोन्ही लागणार आहेत.

जायचं कसं

नवी मुंबईकरांनी हार्बरची पनवेल गाडी धरावी, ठाण्याहून येणाऱ्यांनी ट्रान्स-हार्बरने थेट पनवेल गाठावं. स्टेशनावरून रिक्षाने एसटी स्टँडवर जायचं आणि पेण, अलिबागकडे जाणारी साधी गाडी पकडायची. कर्नाळा इथून साधारण बारा किलोमीटर. चढतानाच कंडक्टरला ‘कर्नाळा अभयारण्याला थांबणार ना?’ असं विचारा. विनाथांबा गाडीत बसलात तर पेणपर्यंत जाऊन उलटं यावं लागेल.

दहा जणांनी तीन मोटारी काढण्यापेक्षा हे बरं, आणि ते फक्त धुरासाठी नाही. हा महामार्ग अभयारण्याच्या अंगावरून जातो. मोटार न्यायचीच असेल तर अभयारण्याच्या हद्दीत वेग चाळीसच्या आत ठेवा आणि हॉर्न वाजवू नका. सकाळ-संध्याकाळच्या अंधुक उजेडात मुंगूस, रानमांजर, साप, बेडूक याच डांबरावरून पलीकडे जात असतात.

प्रवेशद्वार उघडेल त्या वेळी दारात उभं राहायचं. हिवाळ्यात सात ते साडेनऊ हा पक्ष्यांचा भरात असण्याचा वेळ. नऊला पोचलेल्या गटाला रान रिकामं वाटतं आणि ‘इथे काही नाहीच’ असं म्हणत तो परततो. प्रवेश आणि कॅमेऱ्याचं शुल्क फलकावर वाचून भरा आणि पावती जपून ठेवा.

रानात

दाराजवळच्या भागात महामार्गाचा घुं-घुं आवाज सतत असतो, त्यात पक्ष्यांचे बारीक आवाज बुडून जातात. म्हणून तिथे रेंगाळू नका. पहिली पंधरा मिनिटं न बोलता आत चालत जा आणि गाड्यांचा आवाज मागे पडला की थांबा.

आत हरियाल आणि मोरटाका या दोन निसर्गवाटा आहेत. मुलं आणि ज्येष्ठ सोबत असतील तर हरियाल. मोरटाका लांब आहे आणि रानाचा पोत तिथे जास्त कळतो. ज्यांना पक्षी आणि किल्ला दोन्ही हवेत, त्यांनी निसर्गवाटेचा हट्ट सोडावा. किल्ल्याच्या वाटेचा खालचा टप्पा त्याच दाट झाडीतून जातो. तो साडेआठ-नऊपर्यंत रमतगमत करा आणि मग चढाला लागा. आधी अख्खी निसर्गवाट आणि मग किल्ला असा बेत केला की भर बाराला उघड्या कातळावर सापडता.

चालण्याची रीत अशी: वीस पावलं चाला, एक मिनिट थांबा. चालताना आपल्याच पायाखालच्या पाचोळ्याने कान भरलेले असतात. साग, ऐन, किंजळीचा वाळका पाला पापडासारखा मोडतो. थांबलं की मग पलीकडची खसखस ऐकू येते. सातभाई पाला उलथत असतात, किंवा एखादी सापसुरळी सरकते.

बराच वेळ काही नसतं, आणि मग एकदम सगळीकडून हालचाल सुरू होते. हिवाळ्यात कीटक खाणारे पक्षी मिसळ थवा करून फिरतात. वटवटे, माशिमार, निखार, सुतार एकत्र, आणि त्यांच्या आगेमागे शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पानासारखे पंख मिरवणारा भृंगराज. बाकीच्यांच्या धांदलीत उडालेले किडे तो हवेत टिपतो. तो नकलाही करतो, त्यामुळे शिक्र्याचा आवाज आला म्हणून लगेच शिक्रा शोधू नका. असा थवा आला की त्याच्यामागे धावायचं नाही. जागीच उभे राहा, हात खाली ठेवा आणि दहा मिनिटं जाऊ द्या. थवा तुमच्या डोक्यावरून सरकतो. मागे लागलात तर पन्नास मीटर पुढे सरकून तो कायमचा निघून जातो.

आता कसोटीची एक गोष्ट अगदी जवळून पाहू. जुलैचा ओढा, त्याच्या काठच्या मातीत छोटंसं बीळ. तिबोटी खंड्या चोचीत इवलीशी पाल आडवी धरून समोरच्या फांदीवर येऊन बसतो. चिमणीहूनही लहान, जांभळ्या-केशरी रंगाचा. तो मान वरखाली करतो, जागा बदलतो, पुन्हा तिथेच येतो. पाहणाऱ्याला वाटतं, काय छान बसून राहिलाय! प्रत्यक्षात तो अडला आहे. बिळात पिलं आहेत आणि मधे तुम्ही उभे आहात. चोचीत भक्ष्य धरून बसलेला पक्षी दोन मिनिटांत आत गेला नाही, तर तीस मीटर मागे सरका, तेही त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेतून बाजूला. फोटोसाठी बिळासमोरची फांदी तोडणं, फ्लॅश मारणं, आमिष ठेवणं हे क्रूर आहे. अडलेला पक्षी कसा दिसतो ते ओळखायला शिका: एकच खडा आवाज परत परत काढणं, शेपटी झटकत राहणं, जवळच्या जवळ चकरा मारणं. हे दिसलं की लगेच मागे फिरायचं.

पावसाळ्याच्या अखेरीस वाटेवर आडवी मोठी जाळी लागतात. मधे तळहाताएवढी काळी-पिवळी कोळीण आणि उन्हात सोनेरी चमकणारे धागे. काठीने जाळं तोडू नका. खालून वाकून जाता येतं, आणि सगळ्यात पुढे चालणाऱ्याने मागच्याला खूण करावी.

माकडांना काही देऊ नका, आणि त्यांच्यादेखत डबाही उघडू नका. एकदा पिशवीतून खाणं मिळालं की ती पुढच्या गटाच्या पिशवीवर झडप घालतात. मग चावे, दगडफेक, आणि शेवटी माकडालाच दोष. फळांच्या साली आणि आंब्याच्या कोयीसुद्धा परत आणायच्या. ‘कुजून जाईल’ हे खरं असलं तरी तोवर ती प्राण्यांना वाटेच्या कडेला ओढत राहते.

मोठा प्राणी दिसेल या आशेने येऊ नका. भेकर, रानडुक्कर आहेत, पण गवसतात ते बहुधा खुरांच्या ठशांतून आणि उकरलेल्या मातीतून. चांगला वाटाड्या अशा ठशापाशी पाच मिनिटं थांबवतो.

किल्ला आणि आग्या मोहोळ

चढाला गटाच्या दमाप्रमाणे दीड ते दोन तास लागतात. वरच्या टप्प्यात झाडी संपते आणि ऊन थेट अंगावर येतं. दरवाजे आणि बुरुज पडके आहेत. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये हा किल्ला घेतला, १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. जाताना लागलेलं शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव, आणि त्यांचे आजोबा याच किल्ल्याचे किल्लेदार होते.

सुळक्याच्या कड्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात. कर्नाळ्यावरचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे, आणि तो बहुतेक वेळा माणूसच ओढवून घेतो. धूर, अत्तराचा वास, आरडाओरडा, दगड मारणं, ड्रोन. कधी मधुबाज पोळ्यावर झडप घालतो आणि चवताळलेल्या माश्या खाली असेल त्याच्यावर येतात, तेव्हा पोळ्याभोवती मोठा शिकारी पक्षी घिरट्या घालताना दिसला तरी खाली उतरा. सुळक्यापाशी बोलणं बंद, सिगारेट बंद, आणि पोळ्यांच्या थेट खाली बसून जेवण तर नाहीच.

एक माशी डसली आणि तुम्ही तिला फटका मारलात तर बाकीच्यांना बोलावणं जातं. नांगीतून सुटणाऱ्या रसायनाला पिकलेल्या केळ्यासारखा वास असतो आणि तो पोळ्यातल्या माश्यांना हल्ल्याचा इशारा असतो. म्हणून हात झटकायचे नाहीत. चादर डोक्यावरून ओढून चेहरा आणि मान झाका आणि आलेल्या वाटेनेच झाडीकडे उतरा. पळू नका, कड्याच्या कडेला पळणं माश्यांपेक्षा घातक. आग्या माश्या बराच लांब पाठलाग करतात, त्यामुळे थोडं शांत वाटलं म्हणून थांबू नका. सुरक्षित जागी पोचल्यावर नांग्या नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा. नांगी जितका वेळ राहील तितकं विष जातं. श्वास लागणं, ओठ-जीभ सुजणं, चक्कर, अंगभर गांधी उठणं यातलं काहीही दिसलं किंवा खूप दंश झाले, तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय.

उतरताना डिसेंबरनंतर घसारा त्रास देतो. सुका मुरूम आणि बारीक खडे गोट्यांसारखे फिरतात. टाच आधी टेकवू नका, पाऊल आडवं आणि पूर्ण टेका, गुडघे सैल ठेवा, दोघांत तीन मीटर अंतर ठेवा. बहुतेक मुरगळे चढताना होत नाहीत. ‘आता काय, आलोच खाली’ असं म्हणणाऱ्या शेवटच्या अर्ध्या तासात होतात.

आणखी दोन बारीकसारीक

हिवाळ्यात वेलींवर मखमली तपकिरी शेंगा लोंबताना दिसतील, ती खाजकुयली. तिची लव अंगाला लागली की चोळायचं नाही, चोळल्याने ती आणखी रुतते. चिकटपट्टी लावून ओढायची, दोन-तीनदा, आणि मग धुवायचं.

साप चावला तर कापायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, चोखायचं नाही. अंगठ्या, घड्याळ, बूट काढा, तो अवयव काठीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालू देऊ नका आणि पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे न्या. साप पकडण्यात किंवा मारण्यात एक मिनिटही घालवू नका. उपचार लक्षणांवरून ठरतात. जखमी प्राणी-पक्षी दिसला, वणवा दिसला तर वनखात्याचा मदत क्रमांक १९२६.

दुपार आणि परतीची वाट

किल्ला करून साडेबारा-एकला खाली आलात की जेवा. गावातल्या बायकांकडून भाकरी-पिठलं सांगायचं असेल तर माणसांचा नेमका आकडा आदल्या दिवशी कळवा आणि ताटं स्टीलची असावीत असं आधीच बोलून ठेवा. ऐन वेळी दहाचे सोळा झाले की कागदी द्रोण-पत्रावळी येतात आणि त्यांना प्लास्टिकचा पातळ थर असतो.

अनामत परत घ्या आणि तीनच्या सुमारास रस्त्यावर या. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी अलिबागहून येणाऱ्या गाड्या खच्चून भरलेल्या असतात आणि हात केला तरी थांबत नाहीत. महामार्ग ओलांडताना सगळ्यांनी मिळून, एकदाच.

दिवसभर गटातल्या एकाने वहीत वेळ, जात, संख्या आणि पक्षी काय करत होता हे टिपलेलं असावं. त्याच रात्री ते ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा. चार दिवसांनी संख्या अंदाजाने भरली जाते. न ओळखलेला पक्षी ‘अनोळखी’ म्हणूनच राहू द्या. आणि फोटो टाकताना फक्त ‘कर्नाळा’ एवढंच लिहा. कुठला ओढा, कुठलं झाड, कुठल्या वळणापाशी, हे घरट्याच्या बाबतीत मित्रालाही सांगू नका. फोनच्या कॅमेऱ्यातली जागेची नोंद निघण्यापूर्वीच बंद करून ठेवलेली बरी.